डेव्हिड एनॉक समजून घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात चरईतल्या आमच्या घरी महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी आम्ही आठ-नऊ जण जमतो आणि तत्त्वज्ञानातला एखादा लेख ओळीओळीने वाचतो. एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, एक नर्स आहे, ऐरोलीहून दोघं आयटीवाले येतात, बाकीचे चेहरे बदलत राहतात. मी स्वतः दिवाणी वकिली करते. गेलं वर्षभर आम्ही डेव्हिड एनॉक वाचतो आहोत. नवीन माणूस आला की तेच ते प्रश्न येतात, आणि ते चांगले प्रश्न असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

हे एनॉक कोण?

इस्रायली तत्त्वज्ञ. २००३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. केली, पुढे बरीच वर्षं जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात कायदा आणि तत्त्वज्ञान हे दोन्ही विषय शिकवले आणि आता ते ऑक्सफर्डला कायद्याच्या तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. २०११ मध्ये त्यांचं 'टेकिंग मोरॅलिटी सिरियसली' हे पुस्तक आलं. नीती खरोखर गांभीर्याने घ्यायची तर आपल्याला काय काय मानावं लागेल, हा त्या पुस्तकाचा प्रश्न. राजकारण, संमती, पुरावा, कायद्याचा अधिकार यांवरचं त्यांचं लेखन स्वतंत्र लेखांत विखुरलेलं आहे. मला स्वतःला ते लेख पुस्तकापेक्षाही जवळचे वाटतात.

नैतिक वास्तववाद म्हणजे काय?

बाहेर पाऊस पडतोय की नाही हे माझ्या मानण्यावर ठरत नाही. मी पडदा ओढून बसले तरी तो पडायचा थांबत नाही. नैतिक वास्तववादी म्हणतो की काही नैतिक गोष्टीही अशाच आहेत. लहान मुलाला मजेखातर चटका देणं वाईट आहे, आणि ते मला, तुम्हाला, साऱ्या गावाला वाईट वाटतं म्हणून वाईट नाही. उद्या सगळ्यांना त्यात गंमत वाटू लागली तरी ते वाईटच राहील.

एनॉक यातली सर्वांत ठाम बाजू घेतात. त्यांच्या मते नैतिक सत्यं आपल्या भावना, इच्छा, रूढी यांच्यावर अवलंबून नाहीत, आणि मानसशास्त्र किंवा जीवशास्त्र यांच्या भाषेत ती पूर्णपणे उतरवताही येत नाहीत. ती आपल्या जागी स्वतंत्र आहेत. ही फार मोठी गोष्ट मानणं झालं, आणि त्याची किंमत मोजावी लागते हे ते लपवत नाहीत. प्रत्येक आक्षेपापाशी ते थांबतात आणि इथे आपल्या भूमिकेचे विश्वासार्हतेचे किती गुण गेले याचा हिशेब मांडतात. कोर्टात समोरच्या बाजूचा मुद्दा आधी स्वतः मांडून मग बोलणारा वकील मला नेहमी आवडतो. एनॉक तसे आहेत.

'ज्याचं त्याच्यापाशी' म्हणून सोडून का देऊ नये?

कारण आपण तसं वागत नाही. एनॉक एक छोटी गोष्ट देतात. एक मूल म्हणतं, "मला पालक आवडत नाही ते बरंच झालं. आवडला असता तर मी तो खाल्ला असता, आणि तो तर शी!" आपण हसतो, कारण पालक आवडला असता तर तो 'शी' लागलाच नसता. आवडीच्या बाहेर त्याचं 'शी' असणं काही उरत नाही.

आता हे वाक्य घ्या: "मी दोनशे वर्षांपूर्वी जन्माला आलो नाही ते बरं झालं. आलो असतो तर मला अस्पृश्यता योग्य वाटली असती." यावर कुणी हसत नाही. आमच्या बैठकीत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा क्षणभर सगळे गप्पच झाले होते. त्या माणसाला भीती वाटतेय ती एका खऱ्या गोष्टीबद्दल आपण चुकलो असतो याची. पृथ्वीभोवती सूर्य फिरतो असं मानलं असतं तर चुकलो असतो, तशीच ही चूक. पालकाचं वाक्य आणि हे वाक्य यांतला फरक तुम्हाला जाणवत असेल तर 'ज्याचं त्याच्यापाशी' हे तुम्ही तोंडाने म्हणता, मनाने मानत नाही.

त्यांचा मुख्य युक्तिवाद कोणता?

दोन आहेत. पहिला मतभेद कसे सोडवावेत यावरून निघतो, आणि तो समजून घ्यायला कुठल्याही हाउसिंग सोसायटीची सर्वसाधारण सभा पुरते.

माझ्या ओळखीच्या एका सोसायटीत, घोडबंदर रोडवर, एकाच वर्षात दोन वाद झाले. पहिला इमारतीच्या रंगाचा. निम्म्यांना मातकट हवा, निम्म्यांना फिका आकाशी. आवाज चढले, पण शेवटी चिठ्ठी टाकली आणि मातकट निघाला. आकाशीवाल्यांपैकी कुणी "माझ्या तत्त्वाचा प्रश्न आहे" म्हणून अडून बसला असता तर लोकांना तो हेकट वाटला असता, आणि ते बरोबरच होतं. केवळ आवडीचा प्रश्न असेल तर माझी आवड माझी आहे एवढ्यावरून तिला जास्त वजन मिळत नाही. दोन पावलं मागे यायचं, सगळ्यांच्या आवडी सारख्या धरायच्या आणि मतदान, आळीपाळी किंवा नाणेफेक यांतून वाट काढायची.

दुसरा वाद लिफ्टचा. घरकामाला येणाऱ्या बायकांनी मुख्य लिफ्ट वापरायची नाही, मागची सामानाची वापरायची, असा ठराव आला. विरोध करणाऱ्यांत एक आजोबा होते. त्यांना कुणीतरी सुचवलं, "काका, यावरही चिठ्ठी टाकू." ते म्हणाले, "यावर चिठ्ठी टाकायची म्हणजे हा रंगाचाच प्रश्न आहे असं कबूल करायचं. मी नाही करणार." आणि ते खाली बसले नाहीत, ठराव मागे घेईपर्यंत उभेच राहिले. गुडघे दुखत होते, खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते.

एनॉक यांचं म्हणणं नेमकं इथे आहे. नैतिक मतं जर आवडीनिवडीच असतील, तर लिफ्टच्या वादातही आजोबांनी मागे सरायला हवं होतं, ठाम राहणं हा हेकटपणाच ठरला असता. पण तसं नाही, ठाम राहणं तिथे योग्य होतं. तर मग नैतिक मतं ही नुसत्या आवडीनिवडी नव्हेत. वस्तुस्थितीवरून वाद होतो तेव्हाही आपण असेच वागतो. शेवटची कर्जत कुठल्या फलाटावर लागते यावर दोघांत वाद झाला तर कुणी नाणं उडवत नाही. ज्याने रोज ती गाडी पकडली आहे तो म्हणतो, "चल माझ्याबरोबर."

याहून मोठं उदाहरण आपल्या इतिहासात आहे. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले, महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केलं. पण प्रत्यक्षात अस्पृश्य मानलेल्यांना पाणी भरता येईना. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पुढे कोर्टकचेरी झाली, ती १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत चालली. या वादात 'आठवड्यातले तीन दिवस तुम्ही, चार दिवस आम्ही' अशी वाटणी कुणी सुचवली असती तर ते ऐकून काय वाटतं ते पाहा. ती तडजोडच अन्याय झाली असती. कारण एका बाजूची आवड आणि दुसऱ्या बाजूची आवड असा तो प्रश्नच नव्हता.

पण आपण नैतिक प्रश्नांवरही मतदान घेतोच की. संसदेत काय होतं?

होतं, आणि व्हायलाही हवं. मतदानाने आपण काय करायचं हे ठरतं. बरोबर काय होतं हे त्याने ठरत नाही. म्हणून तर हरलेली बाजू दुसऱ्या दिवशी "निर्णय चुकला" असं म्हणू शकते. मातकट रंग निघाल्यावर "चिठ्ठी चुकली" असं कुणी म्हणत नाही.

दुसरा युक्तिवाद?

हा थोडा चढणीचा आहे. १९७७ मध्ये गिल्बर्ट हार्मन या अमेरिकी तत्त्वज्ञाने विचारलं होतं: इलेक्ट्रॉन आहेत असं आपण मानतो कारण त्यांच्याशिवाय प्रयोगशाळेत जे दिसतं त्याचा उलगडा होत नाही. नैतिक सत्याशिवाय कशाचा उलगडा अडतो? कुणी मांजराला जाळलं आणि मला ते वाईट वाटलं, तर माझ्या वाटण्याचा उलगडा माझ्या संस्कारांवरून होतो. मग ते सत्य हवंच कशाला?

एनॉक म्हणतात, उलगडा करणं हे आपलं एक काम झालं. दुसरं तितकंच अटळ काम म्हणजे 'मी काय करावं' याचा विचार. आमच्यातल्या नर्सताईंनी सांगितलेला प्रसंग मला इथे नेहमी आठवतो. रात्रपाळीत दोन पेशंट, एकाच वेळी दोघांना गरज, हात दोनच. त्या क्षणी त्या 'मला कोणाकडे जावंसं वाटतंय' हे शोधत नव्हत्या. कोणाकडे जायला हवं हे शोधत होत्या. उत्तर आहे आणि ते मला सापडायला हवं, असं गृहीत धरल्याशिवाय असा शोध सुरूच होत नाही. उत्तर मीच बनवणार असेन, तर कुठलंही बनवलेलं चालेल. मग घालमेल कसली?

विचार करून वागणं आपल्याला सोडता येत नाही. ते करायचं तर उत्तरं आहेत हे मानावं लागतं. इलेक्ट्रॉन मानायला जे कारण पुरतं, त्याच तोलाचं हे कारण आहे असं एनॉक यांचं म्हणणं.

ही नैतिक सत्यं असतात कुठे? आणि उत्क्रांतीचं काय?

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे: 'कुठे' हा प्रश्न त्यांना लागू होत नाही, जसा सात या संख्येला होत नाही. जॉन मॅकी यांनी १९७७ मध्ये म्हटलं होतं की अशा गोष्टी असत्या तर त्या विश्वात फारच विचित्र ठरल्या असत्या. एनॉक म्हणतात, असतील विचित्र. विचित्र असणं म्हणजे नसणं नव्हे.

उत्क्रांतीचा आक्षेप मात्र बोचरा आहे. शॅरन स्ट्रीट यांनी तो २००६ मध्ये धारदार करून मांडला. आपली नैतिक जाणीव टिकून राहण्याच्या गरजेतून घडली, सत्य शोधण्यासाठी नव्हे. मग ती स्वतंत्र सत्याशी जुळते हा निव्वळ योगायोग का मानू नये? एनॉक उत्तर देताना या दोघांना जोडणारा तिसरा दुवा आणतात. जगणं, टिकणं हे निदान काही अंशी चांगलं आहे. उत्क्रांतीने आपल्याला त्याच दिशेला ढकललं. म्हणून आपल्या नैतिक समजुती आणि सत्य यांचा मेळ ढोबळमानाने बसतो, आणि पुढचं काम विचाराने होतं.

मला हे उत्तर अपुरं वाटतं. 'जगणं चांगलं आहे' हे मूल्य तर आधीच धरलेलं आहे, आणि शंका नेमकी मूल्यांवरच होती. एनॉक ते मान्य करतात, आणि म्हणतात की अगदी तळाशी गेल्यावर कुठल्याही ज्ञानात काहीतरी धरूनच चालावं लागतं. आमच्या ऐरोलीच्या दोघांपैकी एकाला हे पटतं, दुसऱ्याला नाही, आणि परतीच्या गाडीतही त्यांचा वाद चालू असतो.

'कर्ता-बिर्ता' हे काय प्रकरण आहे?

२००६ च्या एका लेखाच्या शीर्षकाचं आमचं मराठी रूप. काही तत्त्वज्ञ, उदाहरणार्थ क्रिस्टीन कोर्सगार्ड, म्हणतात की कर्ता असणं यातच नीतीचे नियम दडलेले आहेत. तुम्ही कृती करता, म्हणजे ते नियम तुम्हाला लागू झाले. एनॉक विचारतात: आणि मला कर्ता व्हायचंच नसेल तर? मी कर्त्यासारखाच पण ते नियम न पाळणारा 'बिर्ता' झालो तर माझं काय चुकलं? बुद्धिबळाचे नियम खेळणाऱ्याला लागू होतात हे खरं, पण खेळावं का याचं उत्तर नियमपुस्तिकेत नसतं. मराठीत चहाला चिकटून बिहा येतो ती सोय इथे अगदी चपखल बसली.

माणसांमध्ये इतके मतभेद असताना नैतिक सत्य आहे असं कसं म्हणायचं?

मतभेद आहेत म्हणून सत्य नाही, असं होत नाही. भावकीत जमिनीच्या हद्दीवरून तीन पिढ्यांचे मतभेद असतात, तरी मोजणी होते. शिवाय नैतिक वादांत स्वार्थ, भीती, अर्धवट माहिती इतकी मिसळलेली असते की एकमत झालं असतं तरच नवल वाटलं असतं.

अवघड प्रश्न वेगळा आहे. माझ्याइतकाच हुशार, माझ्याइतकाच प्रामाणिक माणूस माझ्या उलट म्हणत असेल तेव्हा मी काय करावं? २०१० च्या एका लेखात एनॉक म्हणतात की मी स्वतःकडे दोन तापमापकांपैकी एक म्हणून पाहू शकत नाही. विचार करायचा तो मलाच, माझ्याच डोक्याने. समोरच्याचा विरोध हे एक कारण म्हणून मी तोलेन, माझा आत्मविश्वास कमीही होईल, पण तोलण्याचं काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही.

स्वतःला सत्य सापडलंय असं मानणारी माणसंच जुलूम करतात ना?

नव्याने येणाऱ्यांपैकी जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो, आणि त्यामागची काळजी मी मनापासून मानते. पण दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. सत्य आहे असं मानणं वेगळं, ते माझ्या खिशात आहे असं मानणं वेगळं. उलट सत्य माझ्या मानण्याबाहेर असेल तरच मी चुकू शकते. सगळंच मानण्यावर असेल तर चुकायला जागाच उरत नाही, आणि ज्याला चुकायला जागा नाही त्याला नम्र व्हायला कारणही नाही.

दुसरं, 'दुसऱ्यावर मतं लादू नयेत' हे वाक्य स्वतःच नैतिक आहे. तेही फक्त आवड असेल तर जुलूम करणाऱ्याला आपण काय सांगणार? त्याची आवड वेगळी आहे, एवढंच.

याचा कायद्याशी काय संबंध? कायदा तर माणसं बनवतात.

बनवतात. आणि माणसांनी बनवलेल्या गोष्टीने मला काही करायचं कारण कसं मिळतं, हा एनॉक यांचा आवडता प्रश्न. त्यांचं उदाहरण दुकानदाराचं आहे. त्याने दुधाचा भाव वाढवला आणि मला दूध कमी घ्यायचं कारण मिळालं. त्याने हवेतून नवं कारण निर्माण केलं का? नाही. पैसे जपून वापरायचं कारण माझ्यापाशी आधीच होतं, त्याने परिस्थिती बदलली आणि ते कारण जागं झालं. कायदाही बराचसा असाच काम करतो. डावीकडून गाडी चालवण्यात मुळात काही पुण्य नाही. पण कुणाला इजा होऊ नये हे कारण आधीपासून आहे, आणि कायद्याने 'डावीकडून' ठरवल्यावर त्या कारणाला ठाम रूप आलं.

म्हणजे कायद्याखाली काहीतरी आधीचं असावं लागतं. नवी मुंबईच्या जमिनीच्या लढ्याकडे मी या नजरेने पाहते. सिडकोची स्थापना १९७० ची. ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घेतल्या गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली.

आता १५ जानेवारी १९८४ ची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. तेव्हा ती योजना कुठल्याही कागदावर नव्हती. मग त्या शेतकऱ्यांची मागणी न्याय्य होती की नव्हती? न्याय शासन निर्णयातून जन्मतो असं मानणाऱ्याला म्हणावं लागेल की त्या दिवशी ती न्याय्य नव्हती, नंतर झाली. माझ्याच्याने हे म्हणवत नाही. मागणी आधीच रास्त होती, कागद मागून आला. कागदाने जे केलं तेही कमी नाही: कोणत्या अधिकाऱ्याने, कुणाला, किती द्यायचं याची नवी कर्तव्यं त्याने जागी केली. पण जागी व्हायला ती आत असावी लागतात.

एक सांगायला हवं. 'कायदा म्हणजे मुळात काय' या, हार्ट आणि ड्वॉर्किन या कायद्याच्या तत्त्वज्ञांपासून चालत आलेल्या चर्चेबद्दल एनॉक फारसे उत्साही नाहीत, ती चर्चा खरंच रोचक आहे का असाच त्यांचा एक लेख आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे ऐकून धक्का बसतो.

पुराव्याबद्दल त्यांनी काय लिहिलंय?

लेव्ही स्पेक्टर आणि तालिया फिशर यांच्यासोबतचा २०१२ चा लेख. आमच्यातल्या वकिलांचा हा सर्वांत लाडका.

समजा, गडकरी रंगायतनात नाटकाला १००० माणसं बसली आहेत आणि तिकिटं विकली गेली फक्त २०. कोण कोण फुकट घुसलं याची काही नोंद नाही. आतल्या कुणाही एका माणसाला बाहेर काढून म्हटलं, "तू विनातिकीट आहेस याची शक्यता ९८ टक्के," तर ते गणिताने बरोबर आहे. तरीही त्याला दंड करावा असं कुणाला वाटत नाही. दुसरीकडे, डोअरकीपरने "याला मागच्या दाराने शिरताना मी पाहिलं" असं सांगितलं, आणि अशा साक्षी शंभरात पाच वेळा चुकतात असं धरलं, तरी त्या साक्षीवर दंड करायला आपण तयार होतो. शक्यता तर कमी झाली. मग फरक कुठे पडला?

फरक असा: त्या माणसाने तिकीट काढलं असतं तर डोअरकीपरने बहुधा ही साक्ष दिली नसती. आकडा मात्र जागचा हललाच नसता. साक्ष त्या माणसाच्या वागण्याला धरून आहे, आकडा नाही.

पण कोर्टाने याची पर्वा का करावी? इथे लेख पुढे जातो. कायदा लोकांच्या वागण्यावर परिणाम व्हावा म्हणून असतो. निव्वळ आकड्यावर शिक्षा होऊ लागली तर तिकीट काढणारा आणि न काढणारा दोघांवर सारखीच वेळ येईल. मग तिकीट काढायचं कशाला? मोबाइल टॉवरच्या नोंदी आणि टक्केवारीचे अहवाल फायलीत वाढत चालले आहेत, अशा वेळी हा युक्तिवाद मला रोज उपयोगी पडतो.

राजकारणात ते उदारमतवादी आहेत का? मग रॉल्सना विरोध का?

उदारमतवादी आहेत. अमेरिकी राजकीय तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांच्या मागून आलेला एक विचार असा: राज्यसंस्थेने बळ वापरायचं तर प्रत्येक समंजस नागरिकाला पटू शकेल अशाच कारणावर वापरावं. एनॉक यांना हे पटत नाही. 'प्रत्येक नागरिक' म्हणजे खरीखुरी सगळी माणसं म्हणाल तर कुठलाच कायदा टिकणार नाही. आणि 'समंजस' अशी चाळण लावाल तर त्या चाळणीत तुमची नैतिक मतं आधीच आली, मग ती उघड का मांडू नयेत? शिवाय मी जेव्हा काही करते तेव्हा 'मला असं वाटतं' म्हणून करत नाही, 'हे असं आहे' म्हणून करते. राज्यसंस्थेचंही तसंच.

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर २०१३ चा, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर काही महिन्यांनी आलेला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ चा. जातपंचायतीच्या पंचांना दुसरा कायदा पटलेला नाही, आणि त्यांच्या समजुतीच्या आतून तो पटेलसं कारणही सापडत नाही. वाळीत टाकलेल्या कुटुंबाला संरक्षण द्यायला पंचांच्या पटण्याची वाट पाहायची का? मी एनॉक यांच्या बाजूने आहे. बळ वापरण्यावर मर्यादा हव्यातच, पण त्या माणसाच्या प्रतिष्ठेतून याव्यात, सगळ्यांच्या मान्यतेतून नव्हेत.

संमतीबद्दल ते इतकं का लिहितात?

२०२० च्या लेखात त्यांनी सुरुवातीलाच म्हटलंय की संमती अतोनात महत्त्वाची असते आणि अनेकदा संशयास्पदही असते, आणि उदारमतवादी माणसाला दोन्ही गोष्टी धरून चालाव्या लागतात. मी हा लेख वाचला तेव्हा मला दुय्यम निबंधक कार्यालयातली एक सकाळ आठवली.

तीन बहिणी भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यायला आल्या होत्या. दस्त मी तयार केला होता. त्यात नेहमीचं वाक्य होतं: राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय. फोटो झाले, अंगठ्यांची वेळ आली. थोरलीचा अंगठा मशीन घेईना. आयुष्यभर भांडी घासून रेषा पुसट झालेल्या. ऑपरेटरने काच पुसली, तिने अंगठा पदराला पुसला, चौथ्यांदा उमटला. मी तिला हळूच विचारलं होतं, मनापासून करताय ना? ती म्हणाली, "हो बाई, मनापासून. माहेर तुटायला नको."

महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, केंद्राने २००५ मध्ये दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो आणखी स्पष्ट केला. आणि तो एका अंगठ्याने परत जातो, राजीखुशीने. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं हवं होतं. मग मला का टोचत राहिलं?

एनॉक स्वायत्ततेचे दोन अर्थ वेगळे करतात. एक, माझ्या बाबतीत शेवटचा शब्द माझा. दुसरा, माझं जगणं माझ्या मनाच्या खोल धारणांशी जुळलेलं असावं. मग ते विचारतात, परिस्थितीशी जुळवून घेऊन तयार झालेली इच्छा कितपत आपली? त्यांचं उत्तर असं की इच्छा घडवण्यात अन्यायाचा हात असेल तर ती पुरती स्वायत्त नाही. जुळवून घेणं हा दोष नव्हे, आपण सगळेच घेतो. पाय दुखू लागले म्हणून डोंगर चढण्याची आवड सोडली तर त्यात कुणी काही हिरावलेलं नाही. पण हिस्सा मागणाऱ्या बहिणीला माहेर बंद होतं, हे लहानपणापासून पाहत आलेल्या बाईला हिस्सा नकोसा होतो तेव्हा त्या नकोसं होण्यात अन्याय मिसळलेला असतो.

इथे नैतिक वास्तववाद परत येतो. अन्याय ही माझी एक नावड असेल, तर मी त्या बाईला एवढंच सांगत असेन की तुझ्या आवडीपेक्षा माझी नावड मोठी. तो तिचा अपमान झाला असता. तिच्यावर अन्याय झालाय हे खरं असेल तरच माझं टोचणं रास्त ठरतं.

यावरून तिचा दस्त रद्द करावा असं निघत नाही, आणि एनॉकही तसं म्हणत नाहीत. शेवटचा शब्द तिचाच. पण मी माझं काम बदललं. आता असा दस्त आला की बहिणींना भाऊ नसताना भेटते, हिश्श्याची आजची किंमत रुपयांत सांगते, दस्त मोठ्याने वाचून दाखवते आणि सहीसाठी पंधरा दिवसांनंतरची तारीख देते. काही जणी परत येतात आणि सही करतात. काही येत नाहीत.

एनॉक यांचं तुम्हाला काय पटत नाही?

उत्क्रांतीचं उत्तर, ते वर आलंच. दुसरं, लिफ्टच्या वादात ठराव आणणारेही तितकेच ठाम होते. त्यांच्या मते तो शिस्तीचा प्रश्न होता. म्हणजे मतभेदांवरचा युक्तिवाद एवढंच दाखवतो की दोन्ही बाजू सत्य असल्यासारख्या भांडतात, बरोबर कोण हे तो सांगत नाही. एनॉक यांचा तसा दावाही नाही. पण त्यांच्या लेखनात ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा आवाज कमी ऐकू येतो असं मला वाटतं. लिफ्टबद्दल आजोबा बोलले. त्या बायकांना सभेत बोलावलंच नव्हतं.

सुरुवात कुठून करावी?

पुस्तकापासून नको. वस्तुनिष्ठतेवरचा त्यांचा पालकाच्या गोष्टीचा निबंध आधी वाचा, तो विद्यार्थ्यांसाठी लिहिलेला आणि सोपा आहे. मग संमतीचा लेख, आणि मग पुस्तकातलं मतभेदांवरचं प्रकरण. आमच्याकडे येणार असाल तर घरातला, ऑफिसातला किंवा सोसायटीतला एक खरा वाद सोबत आणा, नावं गाळून. पहिली दहा मिनिटं आम्ही फक्त एवढंच विचारतो की यावर चिठ्ठी टाकलेली तुम्हाला चालली असती का.